धुरपता आत्याची सही

आमच्या घरात आरसा एकच होता आणि तो माझ्या एकटीचा आहे, असं मी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. कोपऱ्यात तडा गेलेला, मागचा पारा जागोजागी उडालेला, खुंटीला सुतळीनं टांगलेला. सकाळी पिठाची गिरणी टुकटुक करायला लागली की मी त्याच्यापुढं उभी. हरभऱ्याचं पीठ, त्यात साय, चिमूटभर हळद आणि सुट्टीच्या दिवशी लिंबाची फोड. हा लेप तोंडाला थापला की तो वाळेपर्यंत मी हसायची नाही, बोलायची नाही, मायनं हाक मारली तर नुसता हात वर करायची. सतरा वर्षांची होते. तशी मी काळी नव्हते, सावळी होते. पण त्या वयात सावळी म्हणजे मला काळेपणाच्या रस्त्याला लागलेली बाई वाटायची, आणि तिला कसंही करून मागं फिरवायचं मी मनावर घेतलं होतं. एवढ्यात आत्या खुरपं शोधत आत यायची, माझं तोंड निरखायची आणि म्हणायची, "कांदा चिरू का गं? पीठ कालवलेलं हायच, भजेच काढू." मला हसू फुटायचं, लेपाला भेगा पडायच्या, सगळी मेहनत मातीत जायची. त्या भेगा आता कायमच्या आल्यात, पीठ न लावता. आत्या असती तर म्हणाली असती, बरं झालं, पीठ तरी वाचलं.

धुरपता आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. आम्ही ताडकळसला राहायचो. दादा शाळेत मास्तर होते, त्यांची गायनपार्टी होती, आणि जयंतीच्या महिन्यात त्यांची पेटी पंचक्रोशीत फिरायची. माय घर आणि दोन एकर सांभाळायची. आत्या मात्र दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला, कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापायची. रंगानं ती तव्याच्या बुडासारखी होती. हे मी म्हणत नाही, तीच म्हणायची. लग्न होऊन गेली ती नवव्या दिवशी परत आली. सासू म्हणाली होती, या सुनेपायी दिव्याला तेल लय लागतंय. ही गोष्ट आत्या खुरपणीच्या पातीत, ओळीनं खुरपणाऱ्या बायांना, अशी रंगवून सांगायची, की बाया पोट धरून बसायच्या. मीही हसायची. तो किस्सा सांगताना तिचं खुरपं किती जोरात मातीत जायचं, ते मात्र मला फार पुढं आठवलं, तिच्या माघारी.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी रचता यायची. तीही कामाच्या चालीवरच. पातीत आठ-दहा बाया ओणव्या बसलेल्या असायच्या. आत्या एक ओळ टाकायची, बाया ती उचलायच्या. त्या म्हणेपर्यंत हिची पुढची ओळ तयार. आणि शेवटच्या कडव्यात तिचं नाव यायचं, "धुरपता म्हणे". आमच्याकडची ती रीतच होती. रचणारानं शेवटी आपलं नाव गुंफायचं. नाव आलं की गाणं संपलं आणि ते कुणाचं तेही कळलं. दुसऱ्याचं गाणं म्हणताना नाव तसंच्या तसं म्हणायचं. एकदा एका बाहेरगावच्या गायकानं जयंतीच्या स्टेजवर दादांच्या गाण्यात स्वतःचं नाव घुसवलं, तर लोकांनी काही भांडण केलं नाही; चौघांनी उठून त्याची पेटी उचलली आणि सावकाश स्टेजखाली नेऊन ठेवली. तो माणूस बसलेल्या जागी हवेत बोटं धरून राहिला. मी तेव्हा पुढच्या रांगेत बसून टाळ्या पिटल्या होत्या. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

माझा थोरला भाऊ मिलिंद परभणीला कृषी विद्यापीठात शिकायला होता. सुट्टीला आला की पेरणीपासून राजकारणापर्यंत सगळ्यांना शिकवायचा. त्यानंच आत्याला सांगितलं की जगात असे मुलूख आहेत, जिथं काळ्या माणसांना बाकडं वेगळं, दार वेगळं, शाळा वेगळी. आत्या येसराच्या, भाजक्या मसाल्याच्या, आमटीला फोडणी देत होती. तिचा हात थांबला. "तेंच्यात बी हाय व्हय आपल्यावाणी?" तिनं विचारलं. मग आमटी ढवळायला लागली. "विहीर बी वेगळी आसंल मग," म्हणाली. दोन दिवसांनी मुगाच्या रानात ती सबंध गाणं घेऊनच आली.

काळी मी काळी, न्हाई उसनी काळी,
मायच्या पोटातून आणली नव्हाळी.

समिंदराच्या पल्याड माझी बहीण काळी,
तिला बाकडं वेगळं, मला विहीर निराळी.

धुरपता म्हणे, मला उजळू नका बाई,
पाट्यावर घासून रंग जायाचा न्हाई,
पाटा झिजंल बाई, मी झिजायाची न्हाई.

मधे आणखी चार कडवी होती, त्यात दिव्याच्या तेलाची सासूही होती. ते गाणं बायांनी असं उचललं की मुगापासून कापूस वेचणीपर्यंत दुसरं काही ऐकू येईना. पाणी भरताना तेच, बाजाराच्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन जाताना तेच. मीही म्हणायची, गळा माझा गोड होता. आता नाही, आता घरातलं मांजर उठून जातं. मी "उजळू नका बाई" अगदी तल्लीन होऊन म्हणायची आणि घरी येऊन तोंडाला पीठ लावायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

मग मिलिंदनं ती बातमी आणली. वसतिगृहात तो परदेशातलं एक रेडिओ स्टेशन ऐकायचा, त्यांचा हिंदी कार्यक्रम असायचा. त्यांनी सगळ्या जगातल्या तरुणांसाठी गाण्याची स्पर्धा काढली होती. वंश आणि रंग यावर आपल्या भाषेतलं गाणं टेप करून पाठवायचं. वय विसाच्या आत, आणि गाणं स्वतःचं असलं पाहिजे. मिलिंदनं पत्र टाकून फॉर्म मागवला आणि तो चंद्रावरून आल्यासारखा घरात मध्यभागी ठेवला. आम्ही सगळे भोवती बसलो.

पहिली अडचण रचणाराच्या नावाची. आत्याचं वय विसाच्या आत बसवायचं म्हटलं तर उरलेल्या वर्षांत आणखी दोन आत्या झाल्या असत्या. मिलिंद मान खाली घालून म्हणाला, "आत्या, फॉर्मवर सुजाताचं नाव लिहावं लागंल. न्हाईतर घेणारच न्हाईत." दादांना ते पटलं नव्हतं, ते पेटीचा भाता उगाच उघडझाप करत राहिले. आत्यानं सुपातले खडे वेचता वेचता सांगितलं, "कागूद तुमचा. तेच्यावर कुणाचं बी नाव लिव्हा. गाण्यात माझं हाय तेवढं ऱ्हाऊ द्या. मला दुसरी सही येत न्हाई." तिचा अंगठा सोसायटीच्या कागदावर होता, मतदानाच्या यादीत होता, पण अंगठ्याचं काय, कुणाचाही सारखाच काळा दिसतो. नाव म्हणून तिचं जे होतं, ते त्या शेवटच्या कडव्यांमध्येच. मी म्हणाले, "ते काय सांगायचं झालं आत्या, तसंच म्हणणार की." आणि तेव्हा मी खरंच तसं म्हणणार होते. निदान त्या दुपारपुरती.

दुसरी अडचण वंशाच्या रकान्याची. मिलिंदनं वाचलं, "तुमचा वंश कोणता?"

"बौद्ध लिही," दादा म्हणाले.

"तो धर्म झाला दादा."

"मग जात लिव्हायची का?" मायनं विचारलं. "ती तर आपण टाकून दिली की."

"ती लिहायची नाही," दादा असे म्हणाले की बाहेरची शेळी गप्प झाली.

"वंश म्हणजे," मिलिंद शिकवण्याच्या बैठकीत आला, "माणसाचा रंग, नाकाडोळ्याची ठेवण, आपण मुळात कुठून आलो ते."

"कुठून येणार? हितलेच आपण," माय म्हणाली.

"गव्हाळ लिही," मी म्हणाले. माझ्या नाकाडोळ्यांकडं कुणी तरी बघावं म्हणून मान थोडी तिरपीही केली. सगळे असे हसले की फॉर्म उडून चुलीकडं निघाला. आत्या तेवढी हसली नाही. "तेंनला काय पायजे ते मला कळायलंय," ती म्हणाली. "काळी लिव्ह."

"असं लिहीत नसतात आत्या."

"मग गाणं कशाचं धाडायलाव?"

मिलिंदनं त्या रकान्यात इंग्रजीत काळी असं लिहिलं, आणि आत्यानं त्या अक्षरांवरून बोट फिरवून बघितलं.

फॉर्मला फोटो लागायचा. एसटीनं मिलिंदबरोबर परभणीला गेले. फोटोवाल्यानं मला स्टुलावर बसवलं, मागं रंगवलेला बगीचा आणि त्यात एक हंस. फोटो काढून झाल्यावर तो सहज म्हणाला, "चेहरा थोडा उजळून देऊ का, ताई? निगेटिव्हवर पेन्सिल फिरवतो." मिलिंद बाहेर ऑटोवाल्याशी बोलत होता. मी इकडं तिकडं बघितलं आणि पेन्सिलीवाल्याला सांगितलं, "थोडा कशाला?" चार दिवसांनी फोटो हातात आला तेव्हा मी स्वतःला ओळखलं ते रिबिनीवरून. हंसात आणि माझ्यात हंस सावळा होता. घरी कुणाला न दाखवता मी तो एका लहान पाकिटात घालून ते चिकटवून टाकलं; टेपबरोबर ते तसंच मोठ्या पाकिटात जायचं होतं. तर असं ते प्रकरण: कागदावर काळी, फोटोत गोरी, आणि गाणं "मला उजळू नका".

आता टेपची गोष्ट. मिलिंदनं मित्राचा टेपरेकॉर्डर आणला, तोही एका दिवसाच्या बोलीवर. आमची अडचण आवाजाची नव्हती, नको असलेल्या आवाजांची होती. गिरणी, शेळ्या, हापसा, एसटीचा भोंगा, शेजारच्या घरातलं रडणारं पोर. शेवटी माजघर ठरलं. वेचलेला कापूस विकेपर्यंत आम्ही तिथंच भरून ठेवायचो. आढ्यापर्यंत कापूस आणि दाराशी चौघांना बसता येईल एवढी जागा. मिलिंद म्हणाला, कापूस आवाज पितो. खरंच पीत होता. आत गेलं आणि दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. अंगाला खाज मात्र भयंकर. सेल जुने होते, म्हणून ते सकाळपासून पत्र्यावर उन्हात तापत ठेवले होते. तापले की थोडा जीव धरतात. दादा पेटीवर, आत्या झांज घेऊन, मिलिंद बटणापाशी, आणि मी मधोमध, तोंडाला पावडर लावून. टेपला तोंड दिसत नाही, हे मला कुणी तरी सांगायला हवं होतं.

पहिल्या वेळी मधेच दादांना कापसामुळं शिंक आली. दुसऱ्या वेळी गाणं असं लागलं की मलाच नवल वाटलं. एकेक कडवं जात होतं. आत्याची झांज माझ्याबरोबर, ना पुढं ना मागं, बरोब्बर पावलाला पाऊल लावून. दिव्याच्या तेलाचं कडवं झालं, समुद्रापल्याडच्या बहिणीचं झालं आणि शेवटचं आलं.

इथं मला लेखणी खाली ठेवून चहा करून यावंसं वाटतंय. पण करून आले तरी हे लिहावंच लागेल.

समुद्रापल्याड धुरपता कोण ते कुणाला ठाऊक? गळा माझा, फोटो माझा, फॉर्मवर नाव माझं. आणि खरी पंचाईत अशी की, धुरपताच्या जागी सुजाता अगदी मापात बसत होतं. मी आठ दिवस पाणी शेंदताना मनातल्या मनात बसवून बघितलं होतं. कुठं खटकत नव्हतं. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "सुजाता म्हणे, मला उजळू नका बाई."

दादांची पेटी क्षणभर श्वास विसरली आणि परत धरली. आत्याची झांज चुकली नाही. एक ठोका नाही, अर्धा नाही. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं मला नीट पोचवलं, आणि मग झांजा छातीशी धरून त्यांचा आवाज मिटवला. मिलिंदनं बटण दाबलं.

"हे काय केलंस?" दादा म्हणाले.

"चुकून आलं," मी म्हणाले. "तोंडातून निघून गेलं."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, एखादी भाकरी कशी फुगली नाही ते बघावं तसं. "चुकून निघालेलं येवढं मापात बसत न्हाई पोरी," ती म्हणाली.

"परत करू," दादा म्हणाले. मिलिंदनं बटण दाबलं. टेपची चाकं अर्धा फेरा फिरली, कण्हली आणि थांबली. सेल संपले होते. संध्याकाळच्या गाडीनं टेपरेकॉर्डर परत न्यायचा होता, पाकीट टाकायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशीची होती. दादा म्हणाले, पाठवूच नका. तेव्हा आत्याच उठली, पदराला चिकटलेला कापूस झटकला. "धाडा," म्हणाली. "गाणं गेलं पायजे." आणि भाकरी टाकायला गेली.

आमच्याकडं भाकऱ्या झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची एक चिमुकली भाकरी करतात, तळहाताएवढी. तिला चानकी म्हणायचं. ती लेकरांसाठी असते, पण आमच्या घरात सतरा वर्षं ती माझीच होती. आत्या गरम गरम चानकी तेल-चटणी लावून मला द्यायची आणि मी ती चुलीपाशी उभ्यानंच खायची. त्या संध्याकाळी तिनं चानकी केली, निवू दिली आणि दारातल्या शेळीला घातली. दुसऱ्या दिवशीही शेळीला. तिसऱ्या दिवशीही. बाकी काही बदललं नाही. माझी वेणी तीच घालायची, भज्यांचा टोमणा तोच. पण चानकी शेळीला. तिळगूळ वाटून झाला, उन्हाळा आला, जयंती झाली; शेळी जाड झाली. चानकीचं काय बोलायचं? सतरा वर्षांची घोडी एवढ्याशा भाकरीसाठी रडते, असं लोक म्हणाले असते, आणि खरं तेच होतं. आत्यानं ते गाणंही स्वतःहून काढणं बंद केलं. बाया काढायच्या, ती नुसता ठेका धरायची.

उन्हाळ्याच्या शेवटी परदेशी तिकिटाचं पाकीट आलं. बक्षीस नव्हतं. पण निवडलेल्या गाण्यांत आमचं गाणं होतं, ते रेडिओवर वाजणार होतं, आणि सोबत एक जाड कागदाचं प्रमाणपत्र होतं. त्यावर सोनेरी अक्षरात माझं नाव. ते प्रमाणपत्र अजून आहे. नात म्हणते, आजी, फ्रेम करू. मी तिला सांगते, ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली बरं आहे ते, तिथं कसर लागत नाही.

ठरलेल्या दिवशी दिवेलागणीला दादांनी रेडिओ विहारापुढच्या ओट्यावर ठेवला. खुरपणीचे दिवस होते. बाया शेतावरून तशाच आल्या, पायाला चिखल, हातात खुरपी. शेजारच्या आळीतली माणसंही आली. मायनं सुशीला केला होता, मुरमुऱ्यांचा; परात फिरत होती. सगळे मला बोलावून पुढं बसवत होते आणि मी मागं सरकत होते, कारण मला तेव्हा कळलं होतं की आता काय होणार आहे. हे गाणं कुणाचं ते इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेवटचं कडवं येणार, रेडिओ सगळ्यांसमोर माझं नाव घेणार, आणि मग कुणी मला काही बोलणार नाही. त्या गायकाची उचललेली पेटी माझ्या डोळ्यांपुढं यायला लागली. मला उचलायला चौघंसुद्धा लागणार नव्हते.

खरखर झाली, शिट्ट्या झाल्या, मग निवेदिकेचा आवाज आला. हिंदी आमच्याकडं म्हाताऱ्यांनाही नीट कळायची. "इस बच्ची ने अपने फ़ॉर्म में लिखा है कि वह काली है," ती म्हणाली, "लेकिन तस्वीर में तो चाँद-सी गोरी दिखती है!" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बायांनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. "कोणत्या दुकानातनं आणलास गं चांद?" कुणी तरी ओरडलं. आत्या खांबाला टेकून बसली होती. तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं आणि ओठ मुडपला. फोटोचं तिला त्या क्षणी कळलं.

आणि गाणं सुरू झालं. इतक्या लांब जाऊन आलेला माझा आवाज बारीक झाला होता, दादांची पेटी डब्यातून यावी तशी, आणि मागं ती झांज. पहिली ओळ तेवढी लोकांनी ऐकून घेतली. दुसरीला एका बाईनं सूर धरला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. त्या गाणं नुसतं ऐकायला शिकल्याच नव्हत्या; त्यांच्यासाठी ते म्हणायचंच होतं. खुरप्यांचा ठेका ओट्याच्या दगडावर पडायला लागला. मी तोंड उघडलं नाही. गुडघ्यांत मान घालून एकेक कडवं मोजत राहिले. दिवा गेला. समुद्र गेला. शेवटचं आलं आणि तीस-चाळीस बायांनी उन्हात राबलेल्या गळ्यानं एका दमात म्हटलं, "धुरपता म्हणे, मला उजळू नका बाई!" त्या आवाजाखाली रेडिओतली सुजाता कुठं गेली, ते कुणाला कळलंही नाही. मला कळलं. दादांना कळलं. खांबापाशी बसलेल्या बाईला कळलं.

लोक उठले, माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले, "नाव काढलंस गं" म्हणाले. मी वाचले होते. एवढं वाईट मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून आत्याबरोबर खुरपायला गेले. मायनं विचारलं, "कामून?" मी म्हणाले, असंच. पात लागली. मी आत्याच्या शेजारी, आमच्या पलीकडं आठ-नऊ बाया. थोडं अंतर कापलं आणि आत्यानं कितीतरी महिन्यांनी स्वतःहून गाणं काढलं, नवंच.

एवढ्याशा पेटीत बाई गाव सारा मावला,
काळा माझा रंग गं बाई आभाळात धाडला.

बायांना ते लगेच आवडलं. त्यांनी उचललं. आणखी दोन कडवी झाली, एकात सुशीला संपल्याची तक्रार होती, एकात दुकानातून आणलेला चांद. मी हसले नाही. मग आत्या थांबली. खुरपं मातीत उभं रोवलं आणि म्हणाली, "घाल गं सुजाता आता नाव. तुला मापात बसवता येतंय."

बाकीच्या बायांना यात काही विशेष वाटलं नाही; पोरीला शिकवायलीय म्हातारी, एवढंच. त्या ओणव्या बसून ओळीची वाट बघत राहिल्या. दोन्ही नावं बसत होती, आदल्या वेळेइतकीच बरोबर बसत होती. पण मी हातातलं उपटलेलं तण उगाच परत मातीत रोवत बसले. बाया थांबल्या होत्या. आत्या थांबली होती. शेवटी मी म्हणाले, "धुरपता म्हणे..." आणि पुढं मला काही येईना. ओळ मला येतच नव्हती. गाणं रचणं माझं काम नव्हतंच कधी. बायांनी तेवढंच उचललं, "धुरपता म्हणे," आणि पुढच्या ओळीसाठी आत्याकडं बघितलं. आत्यानं खुरपं उपटलं, एक मोठं तण मुळासकट काढून बांधावर फेकलं आणि ओळ पुरी केली. ती ओळ काय होती ते मला आठवत नाही. मी रडत होते, आणि नाकाला चिखल लागला होता.

संध्याकाळी आत्या भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यात बसले होते, शेळी माझ्या पलीकडं. दोघींचंही लक्ष परातीकडं. शेवटचं पीठ आत्यानं गोळा केलं, चानकी थापली, तव्यावर टाकली आणि मायशी काही तरी बोलण्यात अशी गुंतली, की चानकीची एक बाजू चांगलीच करपली. तिनं ती उलटली, बघितली, तेल-चटणी लावली आणि हात लांब करून माझ्यापुढं धरली.

"काळी झाली गं," ती म्हणाली. "अशीच खाशील, का परभणीला धाडून उजळून आणू?"

मी उठले आणि चुलीपाशी उभ्यानंच खाल्ली, करपलेल्या बाजूसकट.